युवा कार्य प्रशिक्षण: माझे गैरहजर दिवस ९ की १०? ऑक्टोबरचं विद्यावेतन अडकलंय

कन्नमवार_नगर
८ डिसेंबर २०२४

नमस्कार. इथे वाचते पुष्कळ, लिहितेय पहिल्यांदा. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी ३३ वर्षांची, बी.कॉम. लग्नाआधी चार वर्षं एका सीएकडे होते. मुलगा झाला आणि नोकरी सुटली ती सुटलीच. आता तो दुसरीत आहे. मुलाखतीला गेलं की एकच प्रश्न, मधली सात वर्षं काय केलंत? जुलैमध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचं कळलं. वयाची अट १८ ते ३५, म्हणजे माझ्यापुरतं दार बंद व्हायला दोनच वर्षं उरलेली. महास्वयम या सरकारी रोजगार पोर्टलवर नोंदणी केली, अधिवासाचा दाखला शोधला (सापडला माहेरी, डोंबिवलीला, आईच्या ट्रंकेत लग्नाच्या अल्बमखाली) आणि २ सप्टेंबरला दक्षिण मुंबईतल्या एका सरकारी कार्यालयात रुजू झाले. कुठलं ते लिहीत नाही, मला अजून तिथेच बसायचंय. पदवीधर म्हणून महिना १०,००० विद्यावेतन, सहा महिने.

पहिल्या दिवशी अधीक्षकांनी विचारलं, "काय येतं तुम्हाला?" मी म्हटलं टॅली येतं, एक्सेल बऱ्यापैकी. "छान," म्हणाले, "मग हे टपाल नोंदवा." तेव्हापासून मी बारनिशीत, म्हणजे टपाल नोंदणीच्या टेबलावर. सकाळी आवक, दुपारनंतर जावक, मधल्या वेळात झेरॉक्स. शिपाई रजेवर असला की नस्त्या (फायली) घेऊन वरच्या मजल्यावर. तक्रार करत नाही, माणसं चांगली आहेत, डबा एकत्र खातो. पण यात प्रशिक्षण नक्की कुठलं ते तीन महिन्यांत मला कळलेलं नाही.

आता मूळ प्रश्न. ऑक्टोबरमध्ये मुलाला डेंग्यू झाला. १४ तारखेपासून २५ पर्यंत मी गेले नाही. शनिवार-रविवार सोडून हे दहा दिवस होतात. पण २३ तारखेला, बुधवारी, ऑफिसातून फोन आला की कपाटाची किल्ली तुमच्याकडे राहिलीय. नणंदेला हॉस्पिटलात बसवलं, विक्रोळीहून गाडी पकडली आणि साडेबाराला पोचले. किल्ली देऊन परत फिरणार होते, पण टेबलावर टपालाचा ढीग बघितला आणि बसले. संध्याकाळी सव्वासहापर्यंत बसले. मस्टर सकाळीच साहेबांच्या केबिनमध्ये जातं, सही करू का विचारलं तर "राहू दे, बघू" म्हणाले.

सप्टेंबरचे पैसे दिवाळीत आले. ऑक्टोबरचे माझ्याबरोबरच्या आयटीआयवाल्या मुलाला मिळाले (त्याला ८,०००), मला नाही. चौकशी केली तर कळलं, दहा दिवस गैरहजर दाखवलंय, म्हणून महिनाच गेला. एका दिवसावर दहा हजार!

दुसरं. दादरला मराठी टायपिंगचा क्लास साडेपाचला सुरू होतो. आठवड्यातून तीन दिवस पाचला निघू का म्हणून विचारलं, तर "असं अर्ध्यावर उठून जायला ही काय शाळा आहे?" आणि मुलाच्या आजारपणात रजा मागितली होती तेव्हा उत्तर होतं, "तुम्ही कर्मचारी नाही, तुम्हाला रजा कसली?" म्हणजे रजा मागितली की मी प्रशिक्षणार्थी आणि लवकर निघते म्हटलं की मी कर्मचारी. नियम नक्की काय आहे, कुणी या योजनेत असेल तर सांगा.


सगळं_माहितीये
८ डिसेंबर

ताई, उगाच डोकं लावू नका. सहा महिने संपले की सगळे घरी. कुणाला कायम करणार नाहीत, सर्टिफिकेट देतील, ते फ्रेम करून लावा.


कन्नमवार_नगर
८ डिसेंबर

दादा, घरीच बसायचं असेल तर ऑक्टोबरचे दहा हजार घेऊन बसेन.


मस्टरवाला
९ डिसेंबर

ताई, मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो. ठाण्यात एका कार्यालयात लिपिक आहे, आमच्याकडे या योजनेतली सात मुलं आहेत आणि त्यांची हजेरी माझ्याच गळ्यात. तेव्हा शिव्या घालायच्या तर मलाही घाला, पण आधी वाचा.

९ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. तो डाउनलोड करून छापून घ्या, आमच्या कित्येक साहेबांनीही वाचलेला नाही. त्यात असं आहे की प्रशिक्षणार्थी १० किंवा त्याहून जास्त दिवस गैरहजर राहिला तर त्या महिन्याचं विद्यावेतन मिळणार नाही. म्हणजे ९ दिवसांपर्यंत महिना बुडत नाही, दहाव्याला बुडतो. तुमच्या ऑफिसने नियम चुकीचा लावलेला नाही, दिवस चुकीचा मोजलाय. तुमची लढाई फक्त २३ तारखेची आहे. बाकी आजारपण, माणुसकी, मुलगा लहान आहे, यातलं काही अर्जात घालू नका. ते वाचून सगळे हळहळतील आणि कागद बाजूला ठेवतील.

उशिरा येणं म्हणजे गैरहजर राहणं नव्हे. आम्हाला लेट मार्क लागतो, तीन झाले की एक किरकोळ रजा जाते. पण साडेबाराला येऊन सुटेपर्यंत काम केलेल्या माणसाला पूर्ण दिवस गैरहजर कुणी करत नाही.

आता पुरावा. तुम्ही त्या दिवशी टपाल नोंदवलंत ना? मग आवक नोंदवहीत २३ ऑक्टोबरच्या पानावर तुमचं अक्षर आहे. याच्याहून मोठा पुरावा सरकारी कार्यालयात नसतो. अर्ज अर्ध्या पानाचा लिहा: अमुक तारखेला अमुक वेळी हजर होते, आवक क्रमांक अमुक ते अमुक माझ्या हस्ताक्षरात आहेत, हजेरी दुरुस्त करून जिल्हा कार्यालयाला कळवावं. दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या. तुम्ही स्वतःच बारनिशीत आहात, तेव्हा आवक क्रमांक स्वतःच्या हाताने टाका, हा आनंद फार कमी लोकांच्या नशिबी येतो. एक प्रत मुंबई शहरच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात द्या. तिथूनही हललं नाही तर माहितीचा अधिकार आहेच, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून त्या महिन्याचं हजेरीपत्रक मागा. बहुतेक तितकी वेळ येणार नाही. नोंदवहीचं पान समोर धरलं की माणूस वाद घालत नाही.

रजेचं: ज्या कार्यालयात प्रशिक्षण चालू आहे तिथल्या सुट्ट्या तुम्हाला लागू. दिवाळी, २६ जानेवारी, शनिवार-रविवार सगळं धरून. किरकोळ रजा, अर्जित रजा वगैरे नाही. किमान वेतन, पीएफ, ईएसआय यांचे कायदेही लागू नाहीत, ते शासन निर्णयात स्पष्ट लिहिलंय. "तुम्ही कर्मचारी नाही" हे बोलायला कडू असलं तरी खरं आहे.

आणि आमची बाजू पण ऐका. सरकारी आस्थापनांना मंजूर पदांच्या ५ टक्के मुलं घ्यायची आहेत. मुलं आली, पण त्यांना शिकवायचं कुणी? आमच्याकडे तीन टेबलं दोन वर्षं रिकामी आहेत. आलेला हात रिकाम्या टेबलावर बसवला जातो, हे मी स्वतः केलंय.


घाटकोपर_२२
९ डिसेंबर

धाग्यात घुसतोय, सॉरी. मी २२ वर्षांचा, बारावी झालीय, आता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून एफवायबीए करतोय. घरी बसूनच अभ्यास असतो. मला यात घेतील का? पप्पा कुरियरच्या गोडाऊनला आहेत.


मस्टरवाला
९ डिसेंबर

नाही. बारावीला ६,००० आहेत, पण शिक्षण चालू असलेल्याला या योजनेत प्रवेश नाही. लपवून घुसू नकोस, लाभ एकदाच घेता येतो, पुढे पकडला गेलास तर तोही जाईल. तू पंतप्रधान इंटर्नशिप बघ, ऑक्टोबरात सुरू झालीय. २०२४ च्या नियमांनुसार वय २१ ते २४, पूर्णवेळ कॉलेज चालत नाही पण दूरस्थ शिक्षण चालतं. महिना ५,००० आणि सुरुवातीला एकदा ६,०००, वर्षभर मोठ्या कंपनीत. घरात कुणी कायम सरकारी नोकरीत नसावं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या वर नसावं. तुझं दोन्हीत बसेल असं दिसतंय.


घाटकोपर_२२
९ डिसेंबर

थँक्यू सर 🙏


निवृत्त_फिटर
१० डिसेंबर

मुली, तुझा टपालाचा ढीग वाचला आणि माझं लेथ मशीन आठवलं.

१९८१ साली मी आयटीआय फिटर होऊन लालबागच्या एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस लागलो. पहिले दोन महिने काय केलं? लोखंडाचा बुरा झाडला, तेलाच्या डब्या भरल्या, फोरमनचा चहा आणला. बाप गिरणीतच, त्याला सांगितलं तर म्हणाला, "माका पण तेच करूक लागला." पण आम्हाला एक डायरी होती. अप्रेंटिस कायदा १९६१ चा, त्यात केलेल्या कामाची नोंद ठेवणं आहे. रोज काय केलं ते लिहायचं आणि आठवड्याला इन्स्ट्रक्टरची सही घ्यायची. मी मुकाट लिहीत गेलो, "बुरा झाडला. बुरा झाडला. चहा आणला." इन्स्ट्रक्टर मंगळुरूचा होता, त्याने एक शनिवारी ते वाचलं, मान वर केली आणि म्हणाला, हे मी सही करू? सोमवारी मला व्हाइसवर, लोखंड पकडायच्या शिकंज्यावर, खऱ्या कामाला उभा केला. शरमेने केलं की वरच्या इन्स्पेक्शनच्या भीतीने, मला आजवर कळलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप झाला. पुढे काय झालं ते गिरणगावात लहान पोराला पण माहीत आहे. माझी अप्रेंटिसशिप अर्धीच राहिली, परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही. ८३ ला भांडुपला एका कारखान्यात गेलो तेव्हा हातात फक्त ती डायरी होती, तेलाचे डाग पडलेली. साहेबाने पंधरा मिनिटं चाळली. कुठला व्यास, कुठलं टॉलरन्स (मापात किती फरक चालतो ते), कुठे चुकलो ते पण लिहिलेलं. सर्टिफिकेट मागितलंच नाही. ३१ वर्षं त्याच कारखान्यात काढली.

तू दोनशे पानी वही आण. रोज लिही, किती टपाल, कुठल्या विषयाचं, कुणाकडे पाठवलं, काय नवीन कळलं. शुक्रवारी अधीक्षकाची सही घे. देत नसतील तर नुसती समोर ठेव.

क्लासचं म्हणशील तर भांडण करू नकोस. दादरचा सोड, विक्रोळीत नाहीतर कांजुरला संध्याकाळी सातचा बघ. पाचला निघालीस की तुझी जागा "लवकर जाणारी बाई" अशी होईल आणि ती पुसली जात नाही.

आणि हे संपल्यावर खरी अप्रेंटिसशिप पण बघ. फक्त कारखान्यात असते असं नाही, ऑफिसकामाची पण असते. ३० आणि त्यावर माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, अडीच ते पंधरा टक्के. पदवीधराला या वर्षी (२०२४) किमान ९,०००. तिथे पण नोकरीची हमी नाही, ते आधीच सांगतो.


गिरगाव_चौपाटी
११ डिसेंबर

फिटरसाहेबांनी जुनं काढलं म्हणून मीही काढतो. थोडं विषयांतर आहे, नको असेल त्यांनी खालच्या प्रतिसादावर जावं.

मुंबईत पगार घेणाऱ्या प्रत्येकाने आपली स्लिप बघावी. व्यवसाय कर, महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. मी ३४ वर्षं भरला. हा कर १९७५ च्या कायद्याने आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती योजना मांडली, सुरुवातीचा प्रयोग तासगावकडे झाला, ७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत दिलं नाही तर भत्ता. केंद्राचा २००५ चा कायदा तिथूनच पुढे गेला. म्हणजे चर्नी रोडच्या कारकुनाने जतच्या बाईच्या खडी फोडण्याचे पैसे भरले, आणि मला त्याचा अभिमान आहे.

पण गंमत बघा. ती हमी फक्त खेड्यात. शहरातल्या बेकाराला काय? आमच्या वेळी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड होतं. मी १९८४ ला काढलं, रांगेत उभा राहून, आणि नूतनीकरण करत राहिलो. कॉल एकदाच आला, तोही नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी. आता कार्डाच्या जागी महास्वयम आलं आणि सोबत विद्यावेतन. रिकाम्या कार्डापेक्षा हे बरं म्हणायचं. फक्त खेड्यातल्या बाईला काम हा हक्क आहे, आणि या ताईंना ते प्रशिक्षण आहे. हक्क असता तर दहाव्या दिवसाचा हिशोब ताईंनी नाही, ऑफिसने द्यायचा होता.


मस्टरवाला
११ डिसेंबर

काका, लिहिलंत ते बरोबर, पण ताईंनी हे अर्जात लिहू नये 🙂


कन्नमवार_नगर
११ डिसेंबर

सगळ्यांचे आभार. काल दुपारी नोंदवही उघडली. २३ ऑक्टोबर: ४१ टपाल, सगळं माझं अक्षर. शेवटच्या नोंदीशी निळी शाई संपलीय आणि काळी सुरू झालीय, तेही आठवलं. ते पेन शिपाईकाकांचं. अर्ज उद्या देते. वही आणलीय. फिटरकाका, वहीचं कव्हर गुलाबी आहे, दुकानात तेवढंच होतं, त्यावर फुलपाखरू आहे. मुलाने आधीच त्याचं नाव घातलंय.


कन्नमवार_नगर
१६ मार्च २०२५

खूप दिवसांनी येतेय. विचारून गायब होणारी माणसं मला स्वतःला आवडत नाहीत, म्हणून काय काय झालं ते लिहिते.

अर्ज दिला, आवक क्रमांक स्वतः टाकला. अधीक्षकांनी नोंदवही मागवली, २३ तारखेचं पान काढलं आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "अक्षर चांगलं आहे हो तुमचं." आणि सही केली. बस, एवढंच. दुरुस्तीचं पत्र मलाच टाइप करायला दिलं, जावक क्रमांकही मीच घातला.

त्यानंतर पैशांची वाट. जानेवारी गेला, फेब्रुवारी अर्धा गेला, ऑक्टोबरचे नाहीत आणि आता नोव्हेंबर-डिसेंबरचेही नाहीत. मी घरी रोज कुणाच्या ना कुणाच्या नावाने बोटं मोडत होते. शेवटी मार्गदर्शन केंद्रातल्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली: तिन्ही महिने जमा. कुठे जमा? झालं असं होतं की नोव्हेंबरात मुलाच्या शाळेच्या कामासाठी मी एक नवीन खातं उघडलं होतं. उघडताना अंगठा दिला आणि आधार त्या खात्याला जोडला गेला. सरकारी पैसा, आधार शेवटी जिथे जोडलं असेल तिथे जातो, आपण फॉर्मवर कुठलाही खाते क्रमांक लिहिलेला असो. हे मला ३३ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्या खात्याचं पासबुक मी भरूनच घेतलं नव्हतं, मोबाइलही नवऱ्याचा दिलेला, आणि तो बँकेचे मेसेज उघडत नाही. तीस हजार रुपये आमच्याच घरात मुकाट बसले होते! आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कुठल्या बँकेशी जोडलंय ते, बघता येतं. ज्यांचं विद्यावेतन अडकलंय त्यांनी ऑफिसशी भांडायच्या आधी ते बघा. मी मधल्या काळात दोन माणसांशी वाकडं बोलले, त्यांना परवा चहा पाजला.

वहीचं. पहिल्या शुक्रवारी सही मागितली तर अधीक्षक हसले, फुलपाखराकडे बघून. सही केली, न वाचता. दुसऱ्या शुक्रवारी पण. तिसऱ्या शुक्रवारी वाचायला लागले. चौदा दिवस, चौदा ओळी, "टपाल नोंदवले, ३८. टपाल नोंदवले, ५२. झेरॉक्स." म्हणाले, "हे काय, रोज तेच?" मी म्हटलं, "सर, रोज तेच असतं." फिटरकाका, मला तुमचे मंगळुरूचे इन्स्ट्रक्टर दिसले. सोमवारी मला आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवेची कामं चालतात तिथे, बसवलं. पहिली टिपणी लिहिली ती तीनदा परत आली. "प्रस्तुत प्रकरणी" कुठे लावायचं आणि कुठे नाही, हे शिकायला मला आठवडा लागला. लाल शाईने खोडलेला तो पहिला मसुदा वहीत चिकटवून ठेवलाय. आता निवृत्तिवेतनाची प्रकरणं लावते, सेवापुस्तक तपासते. एका निवृत्त शिपायाच्या सेवापुस्तकात वेतननिश्चिती चुकली होती, ती मला सापडली. सीएकडची चार वर्षं अशी उपयोगी पडतील असं वाटलं नव्हतं.

माझे सहा महिने फेब्रुवारीअखेर संपले होते. याच महिन्यात मुदत पाच महिन्यांनी वाढली, एकूण अकरा महिने झाले. सगळं_माहितीये दादा, घरी बसणं जुलैपर्यंत पुढे गेलंय. आमच्यातली काही मुलं कायम करा म्हणून मोर्च्याला जाणार आहेत. मी गेले तर जाईन, ठरवलेलं नाही. शासन निर्णय आता माझ्याकडे छापलेला आहे आणि त्यात कायम करण्याचा शब्द कुठेच नाही. आस्थापनेला योग्य वाटलं तर नोकरी देऊ शकेल, एवढंच आहे, आणि सरकारी कार्यालयात कुणाला "योग्य वाटून" पद भरता येत नाही. मला लिपिक-टंकलेखकाची परीक्षा द्यायचीय. खुल्या गटाला वय ३८ पर्यंत, म्हणजे पाच वर्षं आहेत. मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द मिनिटाला.

तर आता नवीन प्रश्न. विक्रोळी स्टेशनजवळ संध्याकाळी सातचा क्लास मिळालाय. मराठी टायपिंगचे कीबोर्ड दोन, रेमिंग्टन आणि इनस्क्रिप्ट, अक्षरांच्या जागा वेगळ्या. क्लासवाले सर म्हणतात मराठीला रेमिंग्टन शिका, ऑफिसात सगळे इनस्क्रिप्टवर टाइप करतात, मी स्वतः आता इनस्क्रिप्टवर बावीसपर्यंत पोचलेय. बोटं एकदा बसली की बदलत नाहीत म्हणतात. काय करू?


मस्टरवाला
१६ मार्च

आधी अभिनंदन. प्रमाणपत्र परीक्षेचा फॉर्म क्लासवाल्यांकडून मागून घ्या आणि त्यात कुठला कीबोर्ड लिहिलाय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, मग फी भरा. आणि इनस्क्रिप्ट सोडू नका, टेबलावर तोच लागतो.


निवृत्त_फिटर
१७ मार्च

वही संपत आली असेल. दुसरी आण, या वेळी फुलपाखराशिवाय.


कन्नमवार_नगर
१७ मार्च

काका, मुलाने निवडलीय. डायनासोर आहे.